त्या नर्सताईंचे मनापासून आभार
आमची लेक दुभंगलेले ओठ आणि टाळू घेऊन जन्मली. टाळूला, म्हणजे तोंडाच्या आतल्या छताला फट, त्यामुळे तिला दूध ओढताच येईना. घेतलेलं नाकातून परत यायचं. भेटायला येणारे नुसते हळहळायचे. रात्रपाळीच्या एका नर्सताईंनी मात्र तिला उचललं, "किती टपोरे डोळे गं तुझे!" म्हणाल्या. बाळाला जवळजवळ उभं धरायचं, मऊ बाटली तिच्या गिळण्याच्या लयीत हलकेच दाबायची, मध्येमध्ये ढेकर काढायचा, हे सगळं माझ्या हातावर हात ठेवून शिकवलं. ड्युटी संपली तरी बाटली रिकामी होईपर्यंत त्या हलल्या नाहीत. पुढे ओठाचं, मग टाळूचं ऑपरेशन नीट झालं. आता लेक दिवसभर बडबडते, ओठावरचा व्रण सगळ्यांना हौसेने दाखवते. ताई, तुमचं नाव कळलं नाही, पण तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही.