बाबा, ती विमानं तुमच्या वाफेवर उडाली

विशाखापट्टणम

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा दोन वाक्यांत आईकडे फोन देतात, आणि आई, तुझं-माझं बोलणं घरातल्या कामांवर जातं. यावेळी सांगायचं बरंच आहे, म्हणून लिहायलाच बसले.

आधी वाईट बातमी. इथल्या गाजुवाका भागातले सांगलीवाले काका गेले. रडारवाले, ज्यांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून मी शाळेत जायची, तेच. आजारपण फार काढलं नाही त्यांनी. स्मशानात इथले सगळे माजी नौसैनिक आले होते. कुणाला गुडघ्यामुळे उभं राहवत नव्हतं, तरी ब्लेझर, त्यावर मेडल्स, आणि शेवटपर्यंत रांग मोडली नाही. तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी, आपले सांगली-साताऱ्याकडचे, सगळे एकमेकांना अजून जहाजाच्या नावानेच ओळखतात. माझी ओळखसुद्धा "विक्रांतच्या स्टोकरची मुलगी", म्हणजे त्या विमानवाहू जहाजाच्या बॉयलरवर राबणाऱ्याची मुलगी, अशीच करून देतात. मला ते फार आवडतं.

आई, आता हे नीट वाच, कारण हे तुझ्यासाठी आहे. काकूंचं फॅमिली पेन्शन अडकलं आहे. लग्नात काकूंचं नाव बदललं होतं. काकांच्या सर्व्हिस रेकॉर्डवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. माणूस तीच, पण कागदावर दोन बायका झाल्या. आता त्या वयात प्रतिज्ञापत्रं, दाखले, सह्या सुरू आहेत. तुझंही नाव बदललेलं आहे. बाबांच्या डिस्चार्ज बुकात आणि पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, तुझं कोणतं नाव आणि कोणती जन्मतारीख आहे, ते आजच कपाटातून काढून बघा. फरक असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन अर्ज करायचा, तो पुढे मानखुर्दच्या सेलर्स ब्युरोकडे, म्हणजे नौसैनिकांचे रेकॉर्ड ठेवणाऱ्या कार्यालयाकडे, जातो. बाबा हयात आहेत, स्वतः सही करू शकतात, तोवर हे काम सोपं आहे. हे लिहिताना मलाही बरं वाटत नाही, पण काकूंची धावपळ रोज बघते आहे. नोव्हेंबरात बाबा हयातीचा दाखला द्यायला जातील, त्याच फेरीत हेही होईल.

आता बाबा, तुमच्याविषयी.

काका गेल्यानंतर इथल्या मंडळींनी एक वही सुरू केली आहे. ज्याला जे आठवतं ते त्याने सांगायचं, आणि आम्ही मुलांनी लिहून घ्यायचं. १९७१ च्या युद्धात जे विशीतले होते ते आता पंचाहत्तरीच्या आसपास आहेत, त्यामुळे कुणी कुणासाठी थांबत नाही. दर रविवारी कुणाच्या तरी घरी बसतो. आधी चहा, मग हौजी, मग आठवणी. (आई, तू हौजीत जिंकलेला स्टीलचा डबा काकूंना अजून आठवतो. ओल्या काजूच्या उसळीचं विचारतात त्या.)

इथे बुडालेल्या पाकिस्तानी पाणबुडी गाझीवरून मात्र दर वेळी दोन तट पडतात. टेलिग्राफिस्ट काका त्या रात्री इथेच ड्युटीवर होते. ३ डिसेंबरची मध्यरात्र उलटल्यावर स्फोट झाला आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या, हे ते आवाजासकट सांगतात. त्यांच्या मते आपल्या राजपूत या युद्धनौकेच्या डेप्थ चार्जनेच, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बनेच, गाझी बुडाली. पाणबुडीवाले काका हे मानत नाहीत. आतच स्फोट झाला, तिचाच सुरुंग असणार, असं त्यांचं म्हणणं. आवाज चढतात, काकू उठून पुन्हा चहा ठेवतात. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत आहे. गाझी कराचीहून निघाली ती विक्रांतला शोधायला, आणि विक्रांत इथे नव्हतीच, अंदमानात होती. ती इथेच आहे असं भासावं म्हणून वायरलेसवर खोटे संदेश गेले, रसदीच्या मागण्या गेल्या, राजपूतने विक्रांतचं सोंग घेतलं. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या नौदलाच्या बचाव-पाणबुडीला गाझीचे अवशेष दिसल्याची बातमी आली, त्या रविवारी कुणीच वाद घातला नाही. आतले सगळेच्या सगळे गेले होते. पाणबुडीवाले काका एवढंच म्हणाले, "ती पण पोरंच होती."

हे काका पूर्वी आरके बीचवरच्या कुरसुरा संग्रहालयात गाइड होते. ९१ मीटर लांबीची ती पाणबुडी वाळूवर उभी आहे, तुम्ही बघितली नाहीत अजून. परवा त्यांनी माझ्या मुलाला आत नेलं. टॉर्पेडोच्या शेजारची बंक दाखवली आणि म्हणाले, यावर आडवा हो. तो झोपला, तर वरच्या पाइपला त्याचं कपाळ टेकायला चार बोटं उरली. कूस वळता येत नव्हती. "असं महिनाभर," काका म्हणाले. पोरगं घरी येईपर्यंत बोललं नाही, आणि आल्यावर पहिला प्रश्न केला की आजोबा विक्रांतवर कुठे झोपायचे. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वहीतही तीच जागा रिकामी आहे, बाबा. विक्रांतबद्दल बोलणारे इथे आहेत, पण सगळे वरचे. फ्लाइट डेकवरचा हँडलर आहे, सिग्नलवाला आहे. ४ डिसेंबरला पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार आणि चित्तगाववर सी हॉक विमानं कशी गेली, अलिझे विमानं कशी गेली, हे ते सांगतात. खालचं सांगणारं कुणी उरलेलं नाही. चारपैकी एका बॉयलरला चिरा होत्या, त्यामुळे जहाजाचा वेग कमी पडायचा आणि अलिझेला उडायला पुरेसा वारा मिळायचा नाही, एवढं सगळ्यांना माहीत आहे. पण कोणता बॉयलर? उरलेल्या तिघांवर वॉच, म्हणजे पाळ्या, कसे लावायचे? हँडलर काकांनी लग्नपत्रिकेच्या मागे चार चौकोन काढले, एकावर प्रश्नचिन्ह टाकलं आणि कागद माझ्या हातात दिला: "तुझ्या वडिलांना विचार. आम्ही वरून फक्त धूर बघायचो."

मला तुमचं उत्तर पाठ आहे. "आमका खाली काय दिसताला? आमी बॉयलर रूमात." लहानपणापासून मी हेच ऐकत आले, आणि मला वाटायचं की खरंच सांगण्यासारखं काही नसेल. परवा हँडलर काकांनी कॅटापल्ट समजावून सांगितला तेव्हा कळलं. विमान डेकवरून फेकणारा तो कॅटापल्ट वाफेवर चालायचा, आणि ती वाफ तुमच्या बॉयलरची. म्हणजे चित्तगाववर गेलेलं एकेक सी हॉक तुमच्या वाफेने उडालं. चिरलेला बॉयलर जहाजात आहे हे माहीत असताना, त्या उष्णतेत, कुठे बॉम्ब पडतोय की टॉर्पेडो येतोय याचा पत्ता नसताना तुम्ही प्रेशर धरून ठेवलंत. विशीतला मुलगा होतात तुम्ही. आपली खालच्या लोकांची गोष्ट कुणी लिहिली नाही, कारण तुम्ही कुणाला सांगितली नाहीत.

मला ती हवी आहे. वहीसाठी तर हवीच, पण त्याआधी मला हवी. ओव्हरॉल वाळल्यावर त्यावर घामाचं मीठ पांढरं फुटायचं, हे तुम्ही एकदाच, वीज गेलेली असताना, बोलून गेला होतात. तेवढं एक वाक्य मी इतकी वर्षं जपलं आहे. त्याच्या मागचं-पुढचं सांगा.

जहाज तर उरलं नाही. १९९७ मध्ये निवृत्त झाली, मुंबईत संग्रहालय झाली, २०१४ मध्ये भंगारात गेली. ती बातमी आली तेव्हा तुम्ही दिवसभर वाडीत होतात, जेवायलाही आला नाहीत, आईने मला फोनवर सांगितलं होतं. नवी विक्रांत २०२२ मध्ये कोचीला नौदलात आली तेव्हा तुम्ही टीव्हीसमोरून हलला नाहीत, हेही तिनेच सांगितलं. एवढं मनात आहे, तर बोला ना, बाबा.

डिसेंबरात इथे यावं असं फार वाटतं. ४ तारखेला सकाळी आरके बीचच्या युद्धस्मारकावर पुष्पचक्र वाहतात. कुर्ल्याहून थेट गाडी आहे, खालचे बर्थ मी बघते, आणि माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं, ईसीएचएसचं, कार्ड इथेही चालतं, तेव्हा औषधांची काळजी नको. आईचा गुडघा ऐकेल तसं ठरवा.

पण येणं होवो न होवो, येत्या रविवारी संध्याकाळी सहाला हँडलर काका आमच्याकडे येणार आहेत आणि आम्ही व्हिडिओ कॉल लावणार आहोत. त्या चार चौकोनांचा फोटो शेजारच्या दादाच्या फोनवर पाठवला आहे, तो आधी बघून ठेवा. आई, तूही शेजारी बस, आणि त्यांनी फोन तुझ्याकडे दिला तर घेऊ नकोस.

तुमची,
बाय