सूचना : रविवारी झाडांवरचे खिळे आणि तारा काढणे

सर्व सभासदांनो,
येत्या रविवारी सकाळी ७ ते ९ बागेच्या मागच्या फाटकापाशी जमायचे आहे. हातमोजे आणि पक्कड आणा. हातोड्या, खुरपी समितीकडे आहेत.

– खिळा सरळ रेषेत ओढा. हातोडीखाली लाकडाचा तुकडा ठेवा, नाहीतर साल चेचते.
– सालीत रुतलेली तार उपटू नका. दोन्ही बाजूंनी कापा, आतला तुकडा राहू द्या. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातूनच मुळांकडे जाते. तो थर खोडाभोवती सगळीकडून तुटला, तर झाड हळूहळू मरते.
– जखमेवर सिमेंट, डांबर, रंग काहीही लावू नका.
– आळ्यात पालापाचोळा ५ ते ७ सेंमी, पण खोडापासून वीतभर दूर. खोडाला टेकलेला ओला पाला साल कुजवतो, आणि ही चूक सर्रास होते.

घरटे दिसले तर त्या झाडाला हात लावू नका. विजेची तार गुंडाळलेली असेल तिथेही नाही. ते काम वायरमनचेच. मुलांना जरूर आणा, पक्कड मात्र मोठ्यांच्याच हातात.

येणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत नाव कळवावे, म्हणजे झाडे वाटून देता येतील.