बाबा, तेवढं लिहायला घ्या

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

जकार्तात पाऊस लागून राहिलाय, म्हणून रविवारी घरीच होते. ऑफिसातली मैत्रीण आली आणि तिने ‘गी’ हा सिनेमा लावला, २००५ सालचा. सो होक गी हा इथल्या विद्यापीठात इतिहास शिकणारा, चिनी वंशाचा मुलगा. १९६६मध्ये राष्ट्राध्यक्ष सुकार्नोंविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले, त्यात हा होता. मग लष्करातल्या जनरल सुहार्तोंची राजवट आली आणि बरोबरीचे काही जण संसदेत जाऊन बसले. गीने त्यांना लिपस्टिक-पावडर पाठवून दिली, नव्या मालकापुढे नटायला! कम्युनिस्टांचं राजकारण त्याला पटत नव्हतं, तरी बालीत त्यांची कत्तल झाली तेव्हा त्याने त्याविरुद्ध लिहिलं. मला त्याचं हेच सगळ्यात मोठं वाटतं.

१६ डिसेंबर १९६९ला सेमेरू या ज्वालामुखी डोंगरावर विषारी वायूने तो गेला. दुसऱ्या दिवशी सत्तावीस पूर्ण झाले असते.

त्याच्या थोरल्या भावाने लिहून ठेवलंय, की आई गीला विचारायची, हे सगळं कशासाठी? पैसा नाही मिळत, नुसते शत्रू वाढवतोस. तो हसून सोडून द्यायचा. पुढे मलंग शहरात त्याची शवपेटी करणाऱ्याला कळलं ती कुणासाठी आहे, तर तो रडायला लागला. पेपरातले गीचे लेख तो वाचायचा.

आई, हे ऐकताना मला आपली आजी आठवली. आणीबाणीत बाबांनी आणलेली पत्रकं तिने तांदळाच्या डब्यात, तांदळाखाली दडवली होती, आणि रोज रात्री बाबा घरी येईपर्यंत ती कडी न लावता दाराशी बसायची, हे तू सांगितलंस म्हणून मला माहीत. बाबा, तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. विचारलं की ‘सगळेच करत होते’ म्हणता.

गीची डायरी १९८३मध्ये छापली गेली, म्हणून तर आज माझ्या मैत्रिणीला तो माहीत आहे. तुम्ही कुठे जायचात, कोण सोबत होतं, आजी काय म्हणायची, एवढं तरी लिहा. हात थरथरतो, ठाऊक आहे मला. तुम्ही सांगा, आई लिहून घेईल. दिवाळीत आले की मी वाचणार आहे. वही कपाटात वरच्या खणात आहे, माझी कॉलेजची, अर्धी कोरी.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव.

तुमची,
मनू