होळीची ट्रिपेल

वरुड, पोळा झाल्यावर

प्रिय मंग्या,

घरी बीअर बनवायच्या किटचा तू बेल्जियमहून पाठवलेला फोटो मिळाला. ट्रिपेलचंच, म्हणजे त्या कडक, फिकट बेल्जियन बीअरचंच घेतलं हे लय चांगलं केलं गड्या. व्हॉट्सअॅपवर तुकड्यातुकड्यात सांगण्यासारखं हे काम नाही, म्हणून पत्रच लिहून राह्यलो, आणि लांबणार आहे हे आधीच सांगतो. इकडे संत्र्याला अंबिया बहराची फळगळ सुरू आहे, पाऊस काही उघडीप देऊन नाही राह्यला, दिवसभर झाडाखाली पडलेली फळं उचलायची आणि दूर नेऊन पुरायची एवढंच काम आहे. त्यामुळे रात्री तुझ्या बीअरचा विचार करायला मला बरंच वाटते.

पहिली गोष्ट, तू लिहिलं की दिवाळीला गावाकडे येशील तेव्हा बाटल्या घेऊन येतो. दिवाळी नाही जमत मंग्या. होळी धर. आठ टक्क्यांची बीअर दीड महिन्यात तयार होते असं डब्यावर छापलेलं असेल, आणि पिण्यालायक होतेही, पण मग तुला वाटेल की ट्रिपेल म्हणजे हेच, आणि ती खरी ट्रिपेल नसतेच. मला या सगळ्या पत्रात खरं म्हणजे एकच सांगायचं आहे, बाकी सगळं त्याच्याच पोटात येते: पहिले तीन दिवस बादली गरम होऊ देऊ नको आणि शेवटचे तीन महिने हात लावू नको. डबा कोणत्या कंपनीचा, साखर कोणती, याच्यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे.

तुझ्या ऑफिसातला तो बेल्जियन म्हणतो की किटची बीअर खरी बीअर नाही, ते मनावर घेऊ नको. त्या डब्यात काय आहे? बार्लीचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले दाणे, कोणीतरी तुझ्या आधीच गरम पाण्यात भिजवून, त्याची साखर काढून, हॉप्स, म्हणजे कडूपणा आणणारी फुलं, घालून उकळून, पाणी आटवून भरून ठेवला आहे. तेवढं काम दुसऱ्यानं केलं. पण साखरेची दारू करणं, आणि त्या दारूला चव आणणं, हे यीस्ट करते, आणि यीस्ट तुझ्याच घरात, तुझ्याच बादलीत काम करणार आहे. मी लूव्हनला होतो तेव्हा किटवरच शिकलो, आणि वेस्टमालेला, जिथले साधू ही बीअर बनवतात त्या मठासमोरच्या कॅफेत बसून प्यायलेली ट्रिपेल अजून जिभेवर आहे म्हणून तुला इतकं ठासून सांगू शकतो की घरची त्या वाटेवर जाऊ शकते. तिथपर्यंत पोचत नाही, पण वाट तीच.

आता डबा. दीड किलोचा डबा आहे आणि त्यात फक्त ९ लिटर होते, ते पाहून तू नाराज दिसला. अरे, साध्या बीअरचा एवढाच डबा दुप्पट पाण्यात जातो, म्हणून तर ती साडेचार टक्क्यांची होते. पाणी वाढवायचा मोह करू नको. डबा उघडायच्या आधी वीसेक मिनिट गरम पाण्यात उभा ठेवजो, नाहीतर आतला माल काकवीसारखा घट्ट बसून राहते आणि अर्धा पाव तळालाच चिकटते. बादली, झाकण, चमचा, नळी, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न येऊ देणारी झाकणावरची नळी), सगळं आधी धुऊन मग सॅनिटायझरनं काढ. धुणं वेगळं आणि जंतू मारणं वेगळं, दोन्ही लागते. घाणीवर सॅनिटायझर टाकून काही उपयोग नाही.

साखरेबद्दल तू विचारलं की ही भेसळ नाही का. नाही बे! ट्रिपेलमध्ये साखर ही आपल्या मर्जीनं टाकलेली गोष्ट आहे. नुसत्या माल्टवर आठ-नऊ टक्के गाठले तर बीअर जड होते, एक ग्लास झाला की पोट भरल्यासारखं वाटते. साखर पूर्ण आंबते, मागं गोडवा ठेवत नाही, म्हणून ट्रिपेल एवढी कडक असून जिभेला हलकी लागते. मठातले लोकही कँडी साखर वापरतात. तिकडे ती बीटपासून बनते, इकडे उसाची असते, यीस्टला त्याचं काही सोयरसुतक नाही. दुकानात महागाची कँडी साखर घेऊ नको, ट्रिपेलला साधी पांढरी चालते. डुबेल, म्हणजे मठांचीच काळपट बीअर, करशील तेव्हा काळ्या पाकाचा विचार करू, तिथं त्याची चव लागते.

अर्धा किलो साखर लागेल. पण पहिल्या दिवशी टाकू नको. मी असं करायचो: डबा आणि पाणी मिळून साडेआठ लिटर, त्यावर यीस्ट, आणि तिसऱ्या दिवशी अर्धा किलो साखर थोड्याच पाण्यात उकळून, झाकून पूर्ण थंड करून, मग अलगद बादलीत. कारण सोपी साखर आधीच समोर आली तर यीस्ट तीच खाऊन बसते आणि माल्टची अवघड साखर शेवटी अर्धवट सोडते. आधी माल्ट खाऊ दे, अंगात जोर येऊ दे, मग पाक.

आता हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात किती साखर आहे ते दाखवणारं तरंगतं मापक. हे नीट शिकून घे, फोटोत तो किटमध्ये दिसून राह्यला म्हणजे तुझ्याकडे आहे. यीस्ट टाकायच्या आधी काचेच्या नळीत थोडं ओतायचं, २० डिग्रीच्या आसपास असलं पाहिजे, त्यात हायड्रोमीटर सोडायचा आणि बोटानं एक गिरकी द्यायची म्हणजे कडेला चिकटलेले बुडबुडे सुटतात. डोळा पाण्याच्या पातळीत आणायचा, वरून पाहायचं नाही. काचेला लागून द्रव थोडा वर चढलेला दिसेल, तो आकडा धरायचा नाही, मधली सपाट पातळी जिथं आहे तो धरायचा. तुझा आकडा १.०५० च्या आसपास येईल. तिसऱ्या दिवशीच्या पाकाचे त्यात साधारण २० अंक (०.०२०) मिळवायचे, म्हणजे १.०७०. शेवटी जर १.०१० वर थांबलं, तर दोघांतला फरक गुणिले १३१, म्हणजे जवळपास ८ टक्के. वहीत लिहून ठेव, तारखेसकट, मोबाइलवर नको. नळीतलं परत बादलीत ओतू नको, पिऊन टाक. रोजच्या रोज चव कशी बदलत जाते ते तिथंच कळते.

यीस्टची किटसोबत आलेली पुडी छोटी असते. मी म्हणीन की बेल्जियन अॅबी, म्हणजे मठातल्या बीअरच्या, जातीचं कोरडं यीस्ट वेगळं विकत घे, ११ ग्रॅमची पूर्ण पुडी ९ लिटरला टाक. कडक बीअरमध्ये यीस्ट कमी पडलं की ते मधेच दमते. यीस्ट टाकायच्या आधी बादली चांगली घुसळ, फेस येऊ दे, हवा मिसळू दे. आणि टाकल्यावर मात्र हवा बिलकुल नको, पार बाटलीत जाईपर्यंत. आधी हवा त्याला वाढायला लागते, नंतर तीच हवा बीअरची चव ओल्या पुठ्ठ्यावर नेते.

आता गरमीचं, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप. पहिल्या दोन-तीन दिवसांत यीस्टची संख्या वाढते आणि चवीचा बहुतेक हिशोब तेव्हाच लागून जाते. केळ्याचा वास, लवंगेचा वास, हे बेल्जियन यीस्टचं देणं आहे आणि ते हवंच आहे. पण तेव्हा बादली तापली तर त्यासोबत जड अल्कोहोल बनतात, घशाला जाळतात, थिनरसारखा वास मारतात, आणि ते नंतर कितीही ठेवलं तरी पुरतं जात नाही. १८ वर सुरू कर, तीन दिवस १८-१९ वरच राहू दे, मग हळूहळू २२-२३ पर्यंत चढू दे, शेवटी गरमी उलट कामाची आहे कारण यीस्ट उरलेलं काम पुरं करते. लक्षात ठेव की खोलीत १९ आहे म्हणजे बादलीत १९ नाही, आंबताना बादली आतून दोन-चार डिग्री जास्त असते. म्हणून बादलीलाच थर्मामीटरची पट्टी चिकटव. तिकडे आता लवकरच हीटर सुरू होतील, बादली रेडिएटरपासून दूर, जमिनीवर ठेव. फेस लय वर येईल, एअरलॉकमधून बाहेर येईल असं वाटलं तर तिथं जाड नळी लाव आणि दुसरं टोक पाण्याच्या भांड्यात सोड.

तुला आठवते का, आपण लहानपणी मोर्शीकडून सालबर्डीला जायचो तेव्हा कुठंतरी मोहाच्या सडव्याचा, म्हणजे आंबत ठेवलेल्या मोहफुलांचा, वास यायचा, गोड आणि आंबट एकत्र. एप्रिलच्या उन्हात मडकं ठेवलं की चार-पाच दिवसांत ते उकळल्यासारखं बुडबुडते. तिथंही काम यीस्टच करते, साखर मोहफुलाची असते. फरक एवढाच की ते पुढं भट्टीवर चढते, त्यामुळे आंबताना काय चव बनली याला तेवढं महत्त्व राहत नाही. बीअरमध्ये जे बादलीत बनलं तेच ग्लासात येणार. म्हणूनच मी म्हणतो की बेल्जियमची थंडी तुझ्यासाठी भाग्याची आहे. बेल्जियमच्या दक्षिणेकडच्या वालोनियातले शेतकरीसुद्धा हिवाळ्यात बीअर करून ठेवत आणि उन्हाळ्यात शेतावरच्या मजुरांना प्यायला देत. आपल्याकडे मे महिन्यात घरात रात्री ३५ असते. आणि तसंही इकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, लायसनशिवाय घरी बनवता येत नाही, बीअर त्यातच आली. तिकडे स्वतःपुरती करता येते, विकू नको म्हणजे झालं. मला त्या बादलीची आठवण येते, खोटं कशाला सांगू. म्हणून तुझ्या बादलीत एवढा जीव गुंतला आहे.

आणि एक ऐक, मला हा इतिहास फार आवडतो. १९१९ मध्ये बेल्जियमनं कॅफेत कडक दारू, म्हणजे जेनेव्हर वगैरे, देण्यावर बंदी आणली, आणि ती थेट १९८३ पर्यंत राह्यली. लोकांना कडक पाहिजेच होतं, मग बीअरच कडक व्हायला लागल्या. वेस्टमालेची ट्रिपेल १९३४ ची, तिची कृती १९५६ मध्ये सुधारली आणि आजही ती साडेनऊ टक्क्यांची आहे. दारूबंदीतून काय काय निघते हे वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला मी काय सांगू!

बाटलीत भरायची घाई करू नको. तीन आठवडे तरी बादलीतच. मग ग्रॅव्हिटी, म्हणजे हायड्रोमीटरचा आकडा, घे, तीन दिवसांनी परत घे, आकडा तोच आला तरच भरायची. एअरलॉक बुडबुडायचा थांबला यावर विश्वास ठेवू नको. आकडा हलत असताना भरली तर बाटली फुटते, आणि फुटलेली काच डोळ्यात जाऊ शकते, हे मी गंभीरपणे सांगून राह्यलो. बाटल्या जाड बेल्जियनच वापर, ड्युव्हेलच्या किंवा मठांच्या रिकाम्या, सुपरमार्केटात परत करण्याऐवजी जमा करत जा. पातळ काचेच्या साध्या लागर बाटल्या नको. साखर लिटरला ८ ग्रॅम, म्हणजे ९ लिटरला ७२, उकळून थंड करून, बीअर त्यावर नळीनं शांतपणे सोडायची म्हणजे आपोआप मिसळते. मग दोन आठवडे गरम जागी, २२ ते २४. आता मात्र रेडिएटरजवळ चालते! त्यानंतर थंड अंधारी जागा, उभ्या.

दिवाळीत एक बाटली उघड, मी नाही म्हणणार नाही, उघडलीच पाहिजे. अल्कोहोल वेगळं लागेल, केळं वेगळं लागेल, कडूपणा वेगळा, सगळे एकमेकांशी न बोलता बसलेले. तेव्हा नाराज होऊन बाकीच्या मित्रांना वाटून टाकू नको. जानेवारीत एक उघड आणि दोन्हींचं वहीत लिही. फेब्रुवारी-मार्चपर्यंत ते अल्कोहोल आत जिरून जाते, मधासारखा वास यायला लागते, आणि फेस ग्लासाच्या काठावर जाळी सोडत उतरते. ओतताना तळाचा बोटभर गाळ बाटलीतच ठेव.

संत्र्याच्या सालीचं तू दोनदा विचारलं. तुझ्या जवळच्या हूगार्डनची पांढरी बीअर कडू संत्र्याची साल आणि धणे घालूनच होते, त्यामुळे कल्पना बरोबर आहे. पण ट्रिपेलमध्ये पहिल्या वेळी काही टाकू नको. यीस्टनं काय दिलं हे तुला कळलं पाहिजे, साल टाकली की कळणार नाही. आपल्या संत्र्याची साल त्यांच्या कडू संत्र्यासारखी कडू नाही, तिच्यात सुगंध जास्त आहे, पांढऱ्या बीअरला ती छान जाईल असं माझं मत आहे. मृग बहराचं फळ फेब्रुवारीत निघेल तेव्हा मी साली सावलीत वाळवून ठेवतो, होळीला येशील तर घेऊन जाजो.

येताना दोन लिटरपर्यंतच आण, कस्टमला तेवढंच चालते. सामानात टाकायच्या आधी प्रत्येक बाटली कपड्यात गुंडाळ. आणि आर्वीला घरी बिलकुल नेऊ नको, तुमचा जिल्हा कोरडा आहे, काकांना त्रास नको. नागपूरहून काटोलमार्गे सरळ वरुडलाच ये, मग एक दिवस थांबून आष्टीवरून आर्वीला जा. बाटल्या आल्यावर दोन-तीन दिवस उभ्या ठेवाव्या लागतील, गाळ बसायला, म्हणजे एक दिवस कमीच पडेल, तीन धर.

यीस्ट कोणतं मिळालं ते आधी कळव, मग बादली भर. आणि पहिल्या आकड्याचा फोटो पाठवजो, डोळा पातळीत ठेवून काढलेला. काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
दिल्या