कॅमेरा घेण्याआधी मालवणचं पाणी बघ

लेंबे, उत्तर सुलावेसी,
इंडोनेशिया

प्रिय निलू,

तुझा मेसेज वाचला. सीझनमध्ये साठवलेले पैसे पाण्याखालच्या शूटिंगच्या कॅमेऱ्यात घालायचं तू ठरवलंस याचा मला मनापासून आनंद झाला. मालवणला डायव्हिंगला येणाऱ्या पाहुण्यांचे गोप्रोवर व्हिडिओ काढून तुझा हात चांगला बसलाय, आता पुढची पायरी चढायलाच हवी. पण तू पाठवलेल्या यादीत सगळ्या बॉड्याच आहेत. हाउसिंग (कॅमेऱ्याचा जलरोधक डबा), पोर्ट (त्या डब्याची लेन्ससमोरची काच), लेन्स, लाइट यांचा पत्ताच नाही. फोनवर बोलताना इथलं नेट मध्येच जातं, म्हणून बसून सविस्तर लिहितेय.

होडी काढण्याआधी बाबा विचारतात ना, "पाणी साफ आसा काय?" कॅमेऱ्याच्या बाबतीतही पहिला प्रश्न तोच. इथे लेंबेच्या सामुद्रधुनीत तळाला ज्वालामुखीची काळी वाळू आहे आणि तिच्यात बोटाएवढे, नखाएवढे जीव दडलेले असतात. इथे येणारे बहुतेक जण मॅक्रोसाठीच, म्हणजे असे चिमुकले जीव जवळून टिपायलाच येतात. कुणाकडे ऑलिंपसची ६० मिमी मॅक्रो लेन्स, कुणाकडे सोनीची ९०, कुणाकडे कॅननची १००. केसाळ फ्रॉगफिश डोक्यावरचं आमिष हलवत बसतो आणि भक्ष्य गिळतो ते साधारण ६ मिलिसेकंदांत. सेकंदाला ६० फ्रेम घेतल्या तरी दोन फ्रेममध्ये १६ मिलिसेकंदांहून जास्त अंतर असतं, म्हणजे एका फ्रेममध्ये भक्ष्य दिसतं आणि पुढच्या फ्रेममध्ये ते गायब! हे टिपायला जो कॅमेरा लागतो तो इथल्या पाहुण्यांनी घ्यावा. तुझं काम सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास सहा-आठ मीटरवर, फार तर निवतीच्या खडकांत. समोर पहिल्यांदाच पाण्यात उतरलेला पाहुणा, त्याच्या मागे प्रवाळ लागलेला खडक, मासे, आणि सगळीकडे तरंगणारा गाळ.

गाळाच्या पाण्यावर उपाय एकच, जवळ जायचं. लेन्स आणि माणूस यांच्यात पाणी जितकं कमी तितकं चित्र स्वच्छ. दोन हातांवरून अख्खा माणूस फ्रेममध्ये बसायचा तर लेन्स भरपूर वाइड हवी आणि ती जवळ फोकस होणारी हवी. इथे पोर्टचा प्रश्न येतो. सपाट काचेतून पाण्यात पाहिलं की वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते आणि लेन्सचा कोन आक्रसतो, म्हणजे वाइड लेन्स वाइड राहत नाही. डोम पोर्ट, म्हणजे अर्धगोल काच, लावला तर कोन परत मिळतो, पण फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) कडा नीट यायला मोठा डोम आणि एफ ११ च्या पुढचं, म्हणजे कमी उजेड आत घेणारं बारीक छिद्र लागतं. मालवणच्या हिरव्या, मंद उजेडात ते परवडायचं नाही.

म्हणून माझं मत वेट लेन्सच्या बाजूने आहे. कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी किट लेन्स, तिच्यापुढे छोटा सपाट पोर्ट, आणि पोर्टच्या बाहेर पाण्यातच बसवायची वाइड वेट लेन्स. तिने कोन जवळजवळ १३० अंशांपर्यंत जातो आणि अगदी काचेला टेकलेली वस्तूही फोकसमध्ये येते. पाण्यात असताना न्यूडीब्रँक (रंगीत समुद्री गोगलगाय) किंवा शेवंडीचं पिल्लू दिसलं तर वाइड लेन्स काढून हाउसिंगच्या बाजूच्या दांड्याला अडकव आणि मॅक्रोची वेट लेन्स लाव. हलत्या होडीवर, मिठाच्या हातांनी हाउसिंग उघडायची वेळच येत नाही. पोर्ट घेताना त्याच्या तोंडाला ६७ मिमीचे आटे आहेत ना, एवढं बघ.

आता बॉडी. तुझं मन सोनीच्या ए७ फोरवर बसलंय. कॅमेरा उत्तम आहे, त्यात वाद नाही. पण त्याच्यावर ४के ६० फ्रेमला लावलंस की तो सेन्सरचा मधला भागच वापरतो. फुल फ्रेमचे पैसे भरायचे, आणि पाहुणा फिन मारताना स्लो करायला जो मोड हवा त्यातच वाइडपणा गमवायचा. त्यापेक्षा सोनीचाच २०२३ ला आलेला ए६७०० बघ. सेन्सर लहान आहे, पण ४के ६० पूर्ण रुंदीवर देतो, १० बिटचा रंग आहे, म्हणजे रंगांच्या जास्त छटा टिपतो, आणि फोकस गढूळ पाण्यातही धरून ठेवतो. पॅनासॉनिकचा जीएच ५ सेकंड हँडमध्ये स्वस्त मिळतो, पाण्यातले त्याचे रंग मला फार आवडतात. पण त्याचा ऑटोफोकस कॉन्ट्रास्टवर चालतो आणि गाळात तो पुढे-मागे शोधत बसतो. साफ पाण्यात मी तोच घ्यायला सांगितला असता.

सोनीची एक अडचण मात्र लक्षात ठेव. तिच्या बऱ्याच बॉड्यांत कस्टम व्हाइट बॅलन्सचा (पांढरं पांढरं दिसावं म्हणून रंग जुळवून घ्यायचा) आकडा ९९०० केल्विनच्या पुढे सरकत नाही. पाच मीटरच्या खाली लाल रंग झपाट्याने मरतो, दहा मीटरला जवळजवळ संपतो. खोल गेलं की तो परत आणायला याहून मोठा आकडा लागतो आणि तिथे सोनी अडखळते. तुझ्या सहा-आठ मीटरवर चालून जाईल, पण उतरलास की दर वेळी पांढऱ्या स्लेटवर व्हाइट बॅलन्स घे, सूर्य पाठीशी ठेवून. निळ्या पाण्याचा लाल फिल्टर आपल्या हिरव्या पाण्याला नको, मॅजेंटा लागतो.

हाउसिंगचं सांगते. अॅल्युमिनियमचं देखणं असतं, शंभर मीटरपर्यंत जातं आणि बरेचदा बॉडीपेक्षा महाग पडतं. तुला पॉलिकार्बोनेटचं, चाळीस मीटरचं पुरेसं आहे. वाचलेल्या पैशांतून व्हॅक्यूम पंप आणि गळतीचा अलार्म घे, यात काटकसर करू नको. आतली हवा थोडी ओढून ठेवली आणि दाब टिकला तर सील बसलंय हे होडीवरच कळतं. मागे आमच्या एका पाहुण्याच्या ओ-रिंगवर, म्हणजे हाउसिंग बंद करणाऱ्या रबरी कडीवर, एक केस आडवा पडला होता. टॉर्चच्या उजेडातही दिसत नव्हता, पण पंपाचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला आणि त्यांचा कॅमेरा वाचला. हेही लक्षात घे की हाउसिंग एकाच मॉडेलला बसतं. बॉडी बदलली की तेही बदललं. म्हणून पाच-सहा वर्षं वापरायच्या तयारीनेच घे.

लाइट या वर्षी नकोत. गाळ समोरून उजळला की अख्ख्या चित्रावर पांढरे ठिपके उठतात. ते टाळायला लाइट धरणारे लांब आर्म (दांडे) लागतात आणि लाइट बाजूला पसरून ठेवायचा सराव लागतो. पुढच्या सीझनला मी सुटीवर येईन तेव्हा दोघं मिळून किल्ल्यापाशी ते करू.

आणि पावसाळा! जूनमध्ये डायव्हिंग बंद झालं की कॅमेरा कपाटात टाकून देऊ नको. कोकणातल्या दमटपणात लेन्सच्या आत बुरशी धरते आणि ती काढणं फार खर्चाचं. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेव, जेल निळी राहिली पाहिजे. हाउसिंग गोड्या पाण्यात भिजवून, बटणं दाबून दाबून धुऊन वाळव. ओ-रिंग काढून वेगळ्या ठेव.

पैसे देण्याआधी बॉडी, हाउसिंग, पोर्ट आणि वेट लेन्स यांचे नेमके मॉडेल नंबर मला पाठव. चारही एकमेकांना बसतात का ते मी इथे कॅमेरा रूममधल्या लोकांना विचारून कळवते. आईला सांग, खोबरेल तेल आणि कोकमं पोचली. बाबांना नमस्कार.

तुझी,
ताई