शंभर रुग्ण, दीड वर्ष आणि मग कपाट: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: सोलापुरात मधुमेहाच्या दीर्घ मुदतीच्या संशोधनासाठी कायमची माणसं मिळण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ. सोलापुरातल्या एका रुग्णालयात ३१ वर्षं रक्त-लघवी तपासली. त्या रुग्णालयाचं नाव घेत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात थोडा दोष माझाही आहे. माझं माहेर साखर पेठेतलं. मधुमेहावर लिहिणारी बाई नेमकी साखर पेठेतली, यावर हसून झालं असेल तर पुढे वाचावं.

नोकरीला लागले तेव्हा लघवीतली साखर आम्ही बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात बघायचो. परीक्षानळीत ५ मिली द्रावण, त्यात लघवीचे ८ थेंब, आणि दिव्यावर उकळी. निळं राहिलं तर माणूस सुटला. नाही तर हिरवं, पिवळं, नारिंगी आणि शेवटी विटकरी. आता यंत्रात नळ्या लावल्या की आकडे आपोआप बाहेर पडतात. बदललं नाही ते त्यापुढचं. आकडा केसपेपरवर चढतो, केसपेपर रुग्णाच्या पिशवीत जातो, पिशवी घरी खुंटीला. सहा महिन्यांनी तोच माणूस खिडकीवर येऊन नवा केसपेपर काढतो आणि आमच्या लेखी नवा रुग्ण होतो. एकाच बाईच्या बोटातून वीस वर्षं रक्त काढलं तरी तिची वीस वर्षांची गोष्ट आमच्याकडे कुठेच नसते.

संशोधन होत नाही असं नाही. एमडीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. त्यातले कितीतरी मधुमेहावरच असतात. शंभर रुग्ण गोळा करायचे, दीड वर्षात तपासण्या उरकायच्या, तक्ते करायचे, काळ्या पुठ्ठ्याची बांधणी करून द्यायचा. मी कितीतरी प्रबंधांचे नमुने लावून दिलेत. पोरं हुशार असतात, मन लावून करतात. पण तीन वर्षांनी डॉक्टर गावाला जातो, प्रबंध कपाटात जातो, आणि त्या शंभर जणांचं पुढे काय झालं ते कुणी विचारत नाही. मधुमेह माणसाचे डोळे, मूत्रपिंडं, पाय खातो तो दहा-पंधरा वर्षांत. दीड वर्षाच्या पट्टीने तो मोजता येत नाही.

ब्रिटनमध्ये १९७७ साली एक अभ्यास सुरू झाला, यूकेपीडीएस नावाचा. नुकताच टाइप २ मधुमेह निघालेले ५,१०२ रुग्ण घेतले आणि वीस वर्षं त्यांच्या मागे राहिले. १९९८ साली निष्कर्ष आले: साखर कडक आटोक्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंडं अशा बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती साधारण चतुर्थांशाने कमी होतात. खरी गंमत पुढे आहे. अभ्यास संपला, कडक उपचारवाल्यांची आणि साध्या उपचारवाल्यांची, दोन्ही गटांची साखर सारखीच झाली, तरी दहा वर्षांनी पाहिलं तेव्हा सुरुवातीला काळजी घेतलेल्यांना फायदा होतच होता. शरीर जुना हिशेब विसरत नाही, हे त्यांना कळलं ते माणसं सोडून दिली नाहीत म्हणून.

इतकं लांब कशाला, पुण्यातच बघा. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका, मग त्यांची बाळं, असा माग ठेवला. आपली बाळं वजनाने हडकुळी पण अंगात चरबी राखून जन्मतात, हे त्या कामातून जगाला कळलं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडच्या प्रा. युडकिन यांचा एक फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आमच्या विभागात कुणीतरी त्याची झेरॉक्स भिंतीला चिकटवली होती. बारीक माणसाला शुगर कशी, असं विचारणाऱ्याला आम्ही तीच दाखवायचो.

पुण्याला जमलं ते सोलापूरला का जमू नये? डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चं आहे. रुग्णांची वाण नाही. अक्कलकोट, मंगळवेढा, पंढरपूर, शिवाय कर्नाटकातून इंडी-विजापूरकडचेही लोक ‘सिव्हिल’ला येतात. आणि आमचे प्रश्न दुसऱ्या कुणी सोडवावेत असे नाहीत, कारण ते इथल्या उन्हाचे, इथल्या कामाचे आणि इथल्या भाकरीचे आहेत.

आधी उन्हाचं सांगते, कारण तिथे माझी चूक आहे. रक्त काढून नुसतं ठेवलं तर त्यातल्या पेशी साखर खात राहतात. ताशी ५ ते ७ टक्के साखर कमी होते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणून शुगरचं रक्त फ्लोराइडच्या, म्हणजे करड्या बुचाच्या नळीत घेतात. एका एप्रिलमध्ये विडी घरकुलाकडे शिबिर होतं आणि करडी बुचं संपली होती. साध्या नळ्यांत रक्त घेतलं. सकाळी आठला काढलेलं रक्त यंत्रावर चढलं बाराला. उपाशीपोटी १२६ किंवा त्याच्या वर गेलं की मधुमेह धरतात. आता १३० असलेली बाई चार तासांत शंभरच्या आसपास येते. मधुमेही माणूस टेम्पोतच बरा होतो म्हणा ना! त्या दिवशी मी कितीतरी रिपोर्टांवर ‘नॉर्मल’ लिहून सही केली. मला हे माहीत नव्हतं असं नाही. बुचं नाहीत म्हणून शिबिर रद्द करा, असं म्हणण्याची हिंमत नव्हती.

फ्लोराइडही पहिला तास-दोन तास पुरतं काम करत नाही, हे आता सगळ्या प्रयोगशाळांना माहीत आहे. मग ४३ अंशांत, पत्र्याच्या शेडमध्ये, नळी बर्फात न ठेवता काय होतं? सोलापुरात मे महिन्यात एक आठवडा बसून मोजलं तर उत्तर मिळेल. अजून मोजलेलं मला तरी दिसलेलं नाही.

कुणी म्हणेल, मग एचबीए१सी करा, तीन महिन्यांची सरासरी कळते, उपाशी राहायला नको. बरोबर. पण ती तपासणी हिमोग्लोबिनवर चिकटलेली साखर मोजते, आणि तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात या हिशेबावर उभी आहे. लोह कमी असलेल्या बाईत हा आकडा खोटा वाढलेला येऊ शकतो, आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या की साखर तीच असताना खाली येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला आहे. म्हणजे आमच्या विडी कामगार बायकांचा ६.६ हा आकडा साखरेचा किती आणि रक्तक्षयाचा किती? एकीला आयुष्यभराच्या गोळ्या लागतात की नुसतं लोह, हे त्यावर ठरतं.

आता पायाचं. माझी अम्मा चाळीस वर्षं विड्या वळत होती. मांडीवर सूप, मांडी घालून बसायचं, हजार विड्या झाल्याशिवाय उठायचं नाही. पाय झोपतात, मुंग्या येतात, हे या कामात सगळ्यांचंच. त्यामुळे तिच्या पायाची संवेदना गेली ते कुणाला कळलं नाही, तिलाही नाही. बसून बसून होतं, म्हणायची. एका संध्याकाळी फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. मी विचारलं, कुणाला लागलं? म्हणाली, मांजर असेल. पान कापायच्या कात्रीचं टोक तिच्याच तळव्यात शिरलं होतं आणि ती त्या पायाने पाणी भरून आली होती. पुढे अंगठा काढावा लागला. अकरा वर्षं ती शुगरच्या गोळ्या घेत होती. एवढ्या काळात एकाही डॉक्टरने तिला चप्पल काढायला सांगितलं नाही. मीही नाही, आणि मी तर घरात होते.

ती संवेदना तपासायला लागतो १० ग्रॅमचा नायलॉनचा तंतू. टूथब्रशला असतो तसा एक केस. तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबायचा आणि कळतंय का विचारायचं. वीज नको, यंत्र नको. डॉ. पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना दाखवून दिलं की पाय झडतात ते मुख्यतः वेदना कळत नाही म्हणून. मधुमेही पायाची आजची बरीचशी काळजी त्याच अनुभवातून आली आहे. माझा प्रश्न असा, की मांडी घालून दहा तास बसणाऱ्या बाईत नस दबल्याच्या मुंग्या कोणत्या आणि मधुमेहाच्या कोणत्या, हे कसं ओळखायचं? पुस्तकात ही बाई नाही. आमच्याकडे अशा हजारो आहेत, कुंभारीच्या वसाहतीत तर एका ओळीत बसलेल्या सापडतील. तंबाखूची धूळ आणि क्षय (टीबी) हा आणखी वेगळा विषय. मधुमेह असला की क्षयाचा धोका दोन-तीन पट होतो, एवढंच नोंदवते.

इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा असं खोक्यावर लिहिलेलं असतं. फ्रिज नसलेल्या घरांत ते डबीत घालून माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवतात. आमच्या बायकांची ही युक्ती अगदीच अडाणी नाही. २०२१ साली जिनिव्हा विद्यापीठ आणि सीमा नसलेल्या डॉक्टरांच्या संघटनेने केनियातल्या निर्वासित छावणीच्या हवामानावर अभ्यास केला. २५ ते ३७ अंशांत चार आठवडे खालीवर होणाऱ्या तापमानात इन्सुलिनचा जोर टिकतो, असं त्यांना आढळलं. पण ३७ म्हणजे आमच्याकडची मार्चची दुपार. पुढचं आम्हालाच शोधावं लागेल.

आणि भाकरी. ज्वारीने साखर वाढत नाही असं इथे छातीठोक सांगतात. वाढते. किती वाढते, आणि मालदांडी ज्वारीच्या ताज्या भाकरीपेक्षा आठ दिवसांच्या कडक भाकरीने कमी वाढते का, हे बघण्यासारखं आहे. शिजलेला स्टार्च गार होऊन वाळला की त्यातला काही भाग पचायला अवघड होतो, हे प्रयोगशाळेत सिद्ध आहे. मग दहा माणसं, दोन भाकऱ्या, शेंगाचटणी आणि दोन तास दर अर्ध्या तासाला बोटातलं रक्त. यापेक्षा स्वस्त संशोधन मला तरी सुचत नाही. आषाढीला तर लोक तीन आठवडे चालत आपणहून जिल्ह्यात येतात, एकादशीला उपास करतात आणि साखर उतरवणाऱ्या गोळ्या तशाच घेतात. चक्कर येऊन पडलेला वारकरी उन्हाने पडला की साखर उतरल्याने, हे तंबूत कितीदा तपासलं जातं?

मागणी मोठ्या इमारतीची नाही. कोनशिला बसते, कुलूप लागतं, पुढच्या वर्षी त्याच खोलीत जुन्या खाटा ठेवतात, हे मी पाहिलं आहे. मला हवी आहेत माणसं, आणि कंत्राटी नकोत. दर अकरा महिन्यांनी बदलणारा तंत्रज्ञ वीस वर्षांचा माग कसा ठेवील? मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला एकच कायमचा क्रमांक, त्याची वही किंवा संगणकातली नोंद सांभाळणारा एक कारकून, दोन तंत्रज्ञ, आणि घरी जाऊन ‘तुम्ही या महिन्यात का आला नाहीत’ विचारणाऱ्या चार-सहा बायका. त्या विडी कामगारांतल्याच असाव्यात, त्यांना गल्ल्या आणि भाषा दोन्ही येतात. वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्याचा फोटो, लघवीतलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन आणि पायाला तो तंतू. नमुने जपायला उणे ८० अंशांचा एक फ्रीझर, आणि त्याला जनरेटर. जनरेटर नसेल तर फ्रीझरही नको. एका रात्रीत वीज गेली की दहा वर्षांचं काम पातळ होतं.

संमतीचं मात्र नीट बघा. सोलापुरात कागद नुसता मराठीत किंवा इंग्रजीत पुढे करून अंगठा घेणं ही फसवणूक आहे. तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी, चारही भाषांत वाचून दाखवा, आणि नको म्हणणाऱ्याला त्याच रांगेत तेच औषध मिळू द्या. रिपोर्ट त्या माणसाला आधी कळवा, परिषदेत नंतर मांडा.

२०११ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडिआब अभ्यासाचा पहिला टप्पा आला, तेव्हा महाराष्ट्रात मधुमेहाचं प्रमाण ८.४ टक्के होतं. २०२३ च्या निष्कर्षांत देशाचा अंदाज १० कोटी १० लाखांवर गेला. प्रत्येक भाषणात हा आकडा ऐकू येतो, आपणही वापरत असाल. त्यातले सोलापूरचे किती आणि त्यांचं पुढे काय झालं, हे सांगणारी नोंद आज माझ्या माहितीत एकाच ठिकाणी आहे, आणि तीही एकाच बाईची.

अम्मा गेल्यावर तिच्या पेटीत चादरीच्या दुकानाची एक पिशवी सापडली. १४ वर्षांचे सगळे रिपोर्ट, उपाशीपोटीचे आणि जेवणानंतरचे, तारखेनिशी लावलेले, विडीच्या दोऱ्याने बांधलेले. तिला वाचता येत नव्हतं. कागदाच्या रंगावरून आणि शिक्क्यावरून लावले असणार. मधले तीन माझ्या सहीचे आहेत. आपल्या विभागाने अशी नोंद सुरू केली तर पहिली फाइल म्हणून ही पिशवी मी स्वतः आणून देईन. फक्त पोच पावती द्यावी, कारण या कामात कागद कसे हरवतात ते मला चांगलं माहीत आहे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
सोलापूर