गड दिसेना म्हणून

शहापूर, बेळगाव
श्रावण, रविवार रात्र

प्रिय सुऱ्या,

फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच हसून विषय तोडतोस, म्हणून पत्र.

आपल्याकडची संमेलनं तुला ठाऊकच आहेत. येळ्ळूर, कडोली, उचगाव... सकाळी ग्रंथदिंडी आणि जेवण झालं की पेंगणाऱ्या मांडवाला जागं करायला कविसंमेलन. यंदा मला एका ठिकाणचं बोलावणं आलंय. म्हणाले, हलकंफुलकं आणा. मी ठरवलं, पर्यटकांची खिल्ली उडवायची. विषय आयता. त्यासाठी गेल्या रविवारी वही घेऊन येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेलो.

वर धुकं असं की बेळगाव राहू दे, पायाखालची पायरी दिसेना. पुण्याकडच्या दोन गाड्या आल्या होत्या. एक गृहस्थ मोबाईल उंच धरून पांढऱ्याफटक हवेचे फोटो काढत होते आणि बायकोला सांगत होते, "इथे खाली शहर आहे." मग ते कणसं भाजणाऱ्या मावशीपाशी गेले आणि छाती फुगवून म्हणाले, "ऊटा आयता?" कानडी शिकून आले होते बिचारे! मावशी येळ्ळूरची. निखाऱ्यावर वारा घालत म्हणाली, "जेवलो की सायेब. तुमी जेवलासा काय?" साहेबांचा चेहरा असा झाला, की जणू पदरचा कानडीचा सगळा साठा एका वाक्यात संपला.

तिथंच कठड्यावर बसून लिहिलं:

धुके पाहाया आले हे
दोन गाड्या भरूनिया
गड दिसेना म्हणून
गेले रागे निघोनिया

खूश होतो मी. पावसाळ्यात गोकाकला जाऊन घटप्रभेचं पाणी चहासारखं तांबडं दिसलं म्हणून खट्टू होणारे, कुंदा चाखून "आमच्याकडेपण मिळतो" म्हणणारे, सगळ्यांना ओळीत बसवायचा बेत होता. पण घरी येऊन वाचलं तर कविता रखवालदारासारखी वाटली. फाटकाशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला टोकणारी.

मग अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ काढली. कवितांचं पुस्तक, १९७६चं, मूळ इंग्रजी. आठवतं का, कॉलेजात आपण आलटून पालटून वाचायचो? त्यात एस.टी.तून जेजुरीला निघालेला प्रवासी समोरच्या म्हाताऱ्याच्या चष्म्यात स्वतःचाच चेहरा बघतो. दोन काचा, दोन चेहरे. पुढं मनोहर नावाचा एक जण दार उघडं दिसलं म्हणून आणखी एक देऊळ समजून आत डोकावतो, तर आतून वासरू त्याच्याकडं टक लावून बघतंय! गोठा निघतो तो. हसू येतं, पण कोणाचा अपमान होत नाही, कारण कवीही त्याच बसनं आलाय. बघायला आलेल्यालाच कुणीतरी बघतंय, ही गंमत माझ्या चार ओळींत नव्हतीच.

आणि खरं सांगू? गडावर एक गोष्ट घडली होती, ती मी वहीत लिहिली नव्हती. कणीस घेताना मावशीनं माझ्या वहीकडं बघून विचारलं होतं, "तुमी बी लांबनं आलायसा?" शहापुरात जन्म गेला माझा! मी "नाही ओ, इथलाच" म्हटलं. तिनं मान हलवली, पण पटलं नसावं, कारण कणसाला माझ्याकडनं साहेबांचाच भाव लावला. मीठ-तिखट मात्र हात सैल सोडून चोळलं.

म्हणून काल रात्री दुसरं कडवं जोडलं:

कवी मागे उभा त्यांच्या
वही धरून हातात
कणीसवाली म्हणते
हा बी त्यांच्याच गटात

‘बी’ ठेवू की ‘पण’ करू? आमच्या हिला ‘बी’ पाहिजे, मलाही तेच बरं वाटतं, पण संमेलनात प्रमाणभाषेचे दोन राखणदार पहिल्या रांगेत बसतातच. त्या कानडी साहेबांचं कडवं अजून जुळत नाही. ‘ऊटा आयता’ आठ अक्षरांत बसतं, पण मावशीचं उत्तर काही केल्या मावत नाही. तोडलं तर गोडवा जातो. सुचलं तर कळव.

दिवाळीत येशील तेव्हा गडावर जाऊ. कणसाचा भाव तू विचार. बघू तुला काय सांगते ती.

तुझा,
बाळ्या